लग्नाच्या कर्जात गेलेल्या बाया

गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातल्या डहाणू, उंबरगाव आणि आसपासच्या तालुक्यांतील वारली आदिवासींनी १९४५ ते १९४७ या काळात जमीनदार-सावकारांविरुद्ध जो उठाव केला, त्याची ही हकीकत आहे. ती कादंबरी नाही. त्यातली गावे नकाशावर सापडतात, तारखा सरकारी दप्तराशी जुळतात आणि माणसे होऊन गेलेली आहेत. तरीही मराठी वाचकाने हे पुस्तक कादंबरीसारखेच वाचले. एका बैठकीत संपवावे असा त्याचा ओघ आहे. वारली बायकांच्या हालांचा भाग आला की मात्र पुढचे पान उलटायला हात धजत नाही.

स्त्रीच्या छळाची गोष्ट वाचून गलबलून जाणे मराठी वाचकाला नवे नव्हते. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचे. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचे नाव घेतले जाते आणि तिचा विषयच मुळी हिंदू विधवांची दुर्दशा हा आहे. मराठी कादंबरीने तोंड उघडले ते बाईचे दुःख सांगण्यासाठी, असे म्हणायला हरकत नाही. पुढे १८९० साली हरि नारायण आपटे यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. या कादंबरीत यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. तिच्या जबरदस्तीच्या केशवपनाचा प्रसंग सगळ्यांच्या लक्षात राहतो, पण तो प्रसंग इतका लागतो याचे कारण आधीच्या पानांत आहे. सासरचा काच सोसून यमू नवऱ्याबरोबर मुंबईला येते, लिहिण्यावाचण्यात रमते, दोघांचे छोटे सुखाचे बिऱ्हाड उभे राहते. हरिभाऊ हे सुख घाई न करता, सविस्तर दाखवतात. नंतर ते एका फटक्यात हिरावले जाते तेव्हा नुसती दुर्दैवी विधवा नव्हे, ओळखीची एक हुशार मुलगी बुडाल्यासारखे वाटते.

त्या काळच्या वाचकाला यमूचे घर शोधायला दूर जावे लागत नव्हते. माजघर, सोवळेओवळे, घरातली आलवण नेसलेली आत्या हे सारे त्याच्या स्वतःच्या वाड्यात होते. पुस्तक वाचून मान वर केली की समोर तीच आत्या. कादंबरीने त्याला नवी माहिती दिली नाही. रोज दिसणाऱ्या बाईच्या मनात काय चालले असेल हे ऐकवले. पंडिता रमाबाईंचे शारदा सदन १८८९ साली सुरू झाले होते, संमतिवयाच्या कायद्यावरचा वाद १८९१ साली ऐन भरात होता आणि धोंडो केशव कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाची सुरुवात १८९६ साली केली. त्या साऱ्या हालचालींच्या मधोमध ही कादंबरी वाचली जात होती.

मात्र ही सगळी गाऱ्हाणी पांढरपेशा घरातली. डहाणूच्या पाड्यावर केशवपन नव्हते आणि विधवेला दुसरे घर करायला आडकाठी नव्हती. न पटल्यास नवरा सोडण्याचीही मोकळीक होती. वारली समाजात लग्न लावते ती बाई. तिला धवलेरी म्हणतात. तिने गाणी म्हटल्याशिवाय लग्न लागत नाही. लग्नघराच्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा मान सवाशिणींचा. त्या चौकात पालघट देवी मांडल्याशिवाय पुढचा विधी होत नाही. आज जगभर वारली चित्रकला म्हणून जी ओळखली जाते तिचे मूळ बायकांनी लिहिलेल्या या चौकात आहे. हुंडा नाही, उलट नवऱ्याकडच्यांनी मुलीच्या बापाला देज द्यायचे. पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या सुधारकाने हे सारे कागदावर वाचले असते, तर वारली बाई यमूपेक्षा किती सुखी, असेच त्याला वाटले असते.

पण बायकोच्या या मानातूनच तिच्या गुलामीची वाट काढली गेली. देज द्यायचे तर धान्य लागते, दारू लागते, लुगडे लागते, थोडी रोकड लागते. गावजेवण तर चुकतच नाही. वर्षातले चार महिने कंदमुळांवर काढणाऱ्या माणसाजवळ हे कुठून येणार? पैसे नाहीत म्हणून अनेक जोडपी लग्न न लावताच संसार करत आणि वर्षानुवर्षांनी, कधी मुले मोठी झाल्यावर, विधी उरकत. ज्याला आधी लग्न करायचे असे तो सावकाराच्या दारात जाई. सावकार म्हणजे बहुधा जमीनदारच. त्याने लग्नापुरते पैसे दिले की त्या तरुणाने कर्ज फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचे ठरे. हा लग्नगडी. हिशेबाची वही सावकाराची, व्याजाचा दर सावकाराचा, आकडा लिहिणारा तोच आणि वाचणाराही तोच. त्यामुळे कर्ज फिटण्याचा दिवस उजाडत नसे.

आणि जिच्या लग्नासाठी हे कर्ज झाले ती बायको नवऱ्याबरोबर आपोआप त्या कर्जात गेली. तिच्याशी वेगळा करार कोणी केला नव्हता. पहाटे मालकाच्या गोठ्यातले शेण काढायचे, पाणी भरायचे, भात कांडायचे, वाडा झाडायचा. पावसाळ्यात आवणीला चिखलात उभे राहायचे आणि दिवाळीनंतर गवत कापायचे. घरी मूल रडत असले तरी आधी मालकाचे काम. मोबदला म्हणून मिळे ते थोडे भात, तेही मालकाच्या मर्जीने. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की खावटी काढावी लागे आणि पीक आल्यावर ती वाढीदिढीने परत करावी लागे. एवढ्यावर संपले असते तरी ते पुष्कळ झाले असते. लग्नगड्याची बायको म्हणजे आपलीच वस्तू, असे अनेक जमीनदार धरून चालत. नवरा आक्षेप घेईल तर फटके खाईल, आणि पोलीस, तलाठी, रखवालदार सगळे मालकाच्या ओसरीवर चहा पिणारे. या अत्याचाराची फिर्याद घेऊन जाण्याजोगी जागा त्या बाईला पंचक्रोशीत नव्हती.

ही परिस्थिती सरकारला ठाऊक नव्हती असे म्हणता येत नाही. मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याला आदिवासी भागाची पाहणी करायला सांगितले होते आणि १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्याचा अहवाल सादर झाला. वेठ कशी घेतली जाते, रोज एक आणा किंवा एका माणसाच्या एका वेळेलाही जेमतेम पुरतील इतके तांदूळ देऊन दिवसभर कसे राबवले जाते, नकार देणाऱ्याला मारहाण कशी होते आणि कुळांच्या बायकांवर कसा हात टाकला जातो, हे सारे त्याने लिहून ठेवले आहे. अधिकारी प्रामाणिक होता, भाषाही स्पष्ट होती. तरीही अहवाल दप्तरात गेला आणि वेठ चालूच राहिली.

अहवालात आणि तीस वर्षांनी आलेल्या पुस्तकात घटना बऱ्याच अंशी त्याच आहेत. मग एकाने कोणाचीच झोप उडाली नाही आणि दुसऱ्याने वाचक हलला, ते का? अहवालात ‘वारली स्त्रिया’ असतात, पुस्तकात एक बाई असते. अहवाल वर्षभराचे चित्र एका परिच्छेदात बसवतो, म्हणून त्यात दिवस कधी उजाडत नाही आणि मावळतही नाही. पुस्तकात पहाट होते, हाक येते, बाई मूल टाकून निघते आणि संध्याकाळपर्यंत वाचक तिच्याबरोबर असतो. आणखी एक फरक अधिक मोठा आहे. अहवालातली माणसे फक्त सोसतात. त्यांच्या हातून काही घडेल अशी शक्यताच त्यात नाही, म्हणून वाचणाऱ्याच्या मनात दयेपलीकडे काही उरत नाही. परुळेकरांच्या पुस्तकातली माणसे सोसतात, भितात, माघार घेतात आणि मग एका दिवशी उभी राहतात.

लेखिका या जगातली नव्हती. गोदावरी गोखले यांचा जन्म १९०७ साली पुण्यात, वकिलाच्या घरी झाला. कायद्याची पदवी घेतल्यावर त्या नामदार गोखल्यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाल्या. मुंबईत त्यांनी साक्षरतेची मोहीम चालवली, घरकाम करणाऱ्यांची संघटना बांधली. १९३९ साली शामराव परुळेकरांशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच सुमारास दोघेही कम्युनिस्ट पक्षात गेले. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे उंबरगाव तालुक्यातून माह्या धांगडा आणि आणखी काही वारली आले होते. व्यासपीठावर येऊन चार माणसांपुढे बोलण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. त्यांनी सांगितले ते ऐकून परुळेकर दांपत्य डहाणू-उंबरगावच्या जंगलात गेले.

पुस्तकातला हा सुरुवातीचा भाग फार महत्त्वाचा आहे. शहरातली शिकलेली बाई पाड्यावर येते तेव्हा लोक तिच्याशी बोलत नाहीत. त्यांच्या अनुभवात बाहेरून येणारा प्रत्येक माणूस काहीतरी न्यायलाच आलेला असतो. तिची पुणेरी मराठी त्यांना नीट कळत नाही, त्यांची वारली बोली तिला कळत नाही. झोपडीत त्यांच्याबरोबर राहून, ते खातील ते खाऊन, त्यांच्याबरोबर मैलोगणती चालून हळूहळू ही भीती जाते. सुखवस्तू वाचक पुस्तकात शिरतो तो याच बाईचे बोट धरून. तिला जे समजायला वेळ लागतो ते त्यालाही वेळाने समजते. यमू आपल्याच घरातली होती, म्हणून तिचे दुःख वाचकाला लगेच भिडले. वारली बाई त्याच्या घरातली नव्हती, आणि तिच्यापर्यंत नेणारा रस्ता लेखिकेने स्वतः चालून दाखवला.

२३ मे १९४५ रोजी झरी या गावी सभा झाली. आज हे गाव तलासरी तालुक्यात आहे. सुमारे पाच हजार वारली जमले. वेठ करायची नाही, जमीनदाराच्या खाजगी शेतावर रोख बारा आणे रोज मिळाल्याशिवाय राबायचे नाही, कोणी अंगावर आला तर सगळ्यांनी मिळून तोंड द्यायचे, असे ठरले. आज हे ठराव साधे वाटतात. पण ज्या माणसाने मालकाच्या हाकेला कधी ‘नाही’ म्हटलेले नाही, त्याच्यासाठी तो एक शब्द उच्चारणे हे केवढे साहस आहे, हे पुस्तक वाचताना कळते. सभेनंतर वारल्यांचे जथे लाल बावटा घेऊन गावोगाव गेले आणि लग्नगड्यांना मालकाच्या वाड्यातून बाहेर घेऊन आले. कोर्टाचा हुकूम नव्हता, पोलीस नव्हते. अंगणात उभे राहून, आजपासून हा तुझा गडी नाही, असे सांगायचे एवढेच. गड्याबरोबर त्याची बायको बाहेर आली, मुले बाहेर आली. स्त्रीमुक्तीच्या मराठी इतिहासात या घटनेला मिळायला हवी तेवढी जागा अजून मिळालेली नाही. मुक्त झालेल्यांची मोजणी पुरुषांच्या नावाने झाली, आणि जिच्या देहाने हे कर्ज सर्वांत जास्त फेडले ती बाई त्या मोजणीत नवऱ्याच्या मागे राहिली.

त्यानंतरचा लढा गवताचा. डहाणू भागातले गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई आणि त्यावर जमीनदार व व्यापारी गबर होत. कापणी करणाऱ्यांत पुरुषांइतक्याच बायका असत. पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मजुरी द्या, अशी मागणी घेऊन ऑक्टोबर १९४५ मध्ये संप सुरू झाला. संप मोडेना तेव्हा एक खोटी बातमी पसरवली गेली, की तलवाड्याला गोदावरीबाईंची सभा आहे आणि त्यांच्या जिवाला धोका आहे. हजारो वारली लाठ्याकाठ्या घेऊन तलवाड्याला धावले. दुसरीकडे पोलिसांना कळवले गेले की वारली दंगलीसाठी जमले आहेत. १० आणि ११ ऑक्टोबरला तिथे गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि इतर चौघे मारले गेले. ज्या बाईला वाचवायला ते आले होते ती तिथे नव्हतीच. तलासरी-डहाणूत १० ऑक्टोबर हा दिवस अजूनही हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. पुढे १९४६ साली परुळेकर दांपत्याला जिल्ह्याबाहेर हद्दपार केले गेले, तरी चळवळ थांबली नाही.

या साऱ्या घटना आणि पुस्तक यांच्यामध्ये जवळजवळ पंचवीस वर्षे गेली आहेत. हे अंतर पुस्तकाच्या उपयोगी पडले असे वाटते. घटना ताज्या असताना शामराव परुळेकरांनी ‘वारल्यांचे बंड’ या विषयावर १९४७ सालीच इंग्रजीत एक पुस्तिका लिहिली होती. तिचे काम प्रचाराचे होते आणि ते तिने चोख केले. गोदावरीबाईंचे पुस्तक आले तोपर्यंत शामराव तुरुंगात असतानाच १९६५ साली वारले होते, आणि त्या स्वतःही कैदेत राहून आल्या होत्या. त्यामुळे पुस्तकात संताप आहे पण आरडाओरडा नाही. छळाचे प्रसंग त्या थोडक्यात सांगतात आणि पुढे जातात. अत्याचाराचे वर्णन रंगवून वाचकाला रडवणे सोपे असते, आणि रडून झाले की वाचक मोकळाही होतो. परुळेकर त्याला तसे मोकळे होऊ देत नाहीत. जिथे कादंबरीकार थांबून दुःख गडद करेल तिथे त्या विचारतात, हे कशामुळे चालते, आणि मग वही, खावटी, देज, तलाठी असा एकेक धागा उलगडून दाखवतात. हळहळणाऱ्या वाचकाला त्या हिशेब करायला लावतात. त्या हिशेबात मुंबईतला दुधाचा ग्लासही येतो, कारण ते दूध देणाऱ्या म्हशी डहाणूच्या गवतावर पोसलेल्या होत्या.

महाश्वेता देवींच्या ‘दौलती’ या बंगाली कथेत पलामूच्या वेठबिगाराची मुलगी बापाच्या कर्जापोटी देहविक्रयात ढकलली जाते. तिथेही बाईचा देह कर्जाच्या वहीत नोंदवलेला आहे. ती कथा वाचताना श्वास कोंडतो. परुळेकरांच्या पुस्तकात सुटकेची शक्यता जिवंत आहे, कारण ती प्रत्यक्षात घडली होती. दोन्ही प्रकारच्या लेखनाची गरज आहे. पण सुटका कशी होते हे दाखवणारे लेखन दुर्मीळ असते आणि त्यातून वाचकाच्या हाती काहीतरी लागते.

एका गोष्टीकडे मात्र डोळेझाक करता येत नाही. बाईवरचा सगळा जुलूम जमीनदाराच्या वाड्यातूनच येत होता, असे नाही. गावात मूल दगावले, गुरे मेली, रोगराई आली की भगत एखाद्या बाईकडे बोट दाखवी आणि तिला भुताळी ठरवले जाई. मारहाण होई, गावाबाहेर काढले जाई, कधी जीवही जाई. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या विधवांवर हा आळ लवकर येई. जी बाई धवलेरी म्हणून लग्न लावते तिच्याच जातीच्या दुसऱ्या बाईला हे भोगावे लागे. वारली समाज हा स्त्रीस्वातंत्र्याचा स्वर्ग होता आणि सावकाराने तो नासवला, असे सोपे चित्र काढले तर त्या म्हाताऱ्या बाईवर पुन्हा एकदा अन्याय होतो. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ साल उजाडावे लागले.

लग्नगडीची प्रथाही १९४५ साली एका फटक्यात सगळीकडून गेली नाही. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा १९७६ साली आला. त्याआधी १९७० साली पालघर भागात काळूराम धोदडे आणि त्यांच्या साथीदारांनी भूमिसेना उभी केली, ती गेलेल्या जमिनी परत मिळवण्यासाठी. वसई-भिवंडीकडे विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेला १९८०च्या दशकातही वेठबिगार सोडवावे लागत होते. म्हणजे पुस्तकाला पुरस्कार मिळाला आणि शहरातल्या वाचकाने ते भारावून वाचले, त्या वर्षांतही त्याच जिल्ह्यात कोणीतरी लग्नाच्या कर्जापायी राबत होते.

ज्यांच्यावर हे पुस्तक लिहिले त्यांतल्या बहुतेक बायकांना ते वाचता येत नव्हते. हे चित्र बदलले ते शाळा आणि वसतिगृहे आल्यावर. वारली समाजातून पुढे आलेले लहानू कोम १९७७ साली डहाणूतून लोकसभेवर गेले. तलासरीत आदिवासी मुलामुलींसाठी शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या आणि तिथल्या महाविद्यालयाला गोदावरी शामराव परुळेकर यांचे नाव आहे. पाड्यावरून येऊन तिथे पदवीपर्यंत शिकणाऱ्या मुली या लग्नगड्यांच्या नाती-पणत्या आहेत. आजीच्या वाट्याला काय आले हे त्यांना घरात ऐकून माहीत असते. त्यांना हे पुस्तक दूरच्या वाचकासारखे नवी बातमी म्हणून भेटत नाही. घरात अर्धवट बोलल्या गेलेल्या, बाप्यांसमोर न सांगितल्या गेलेल्या गोष्टी छापलेल्या स्वरूपात समोर येतात. यमूची कहाणी वाचणाऱ्या १८९०च्या पुणेकराचे जे झाले असेल त्याच्या जवळ जाणारे हे वाचन आहे, कारण इथेही मान वर केली की समोर आपलेच घर आहे.

१९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला, उरलेला तलासरी म्हणून महाराष्ट्रात राहिला. २०१४ साली ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. वेठ गेली, पण कामाच्या शोधात दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे या तालुक्यांत आहेत. भट्टीवाल्याने आधी दिलेली उचल फेडायला नवरा-बायको जोडीने राबतात. मजुरीचा हिशेब बहुधा जोडीचा होतो आणि पैसे नवऱ्याच्या हातात पडतात. दुसऱ्या बाजूला, २००६ सालच्या वनहक्क कायद्याने कसत असलेल्या वनजमिनीचा दावा मंजूर झाला की पट्टा नवरा आणि बायको दोघांच्या नावाने द्यावा लागतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या किसान मोर्चाची एक मुख्य मागणी हे दावे निकाली काढण्याची होती, आणि त्या मोर्चात आदिवासी बायका मोठ्या संख्येने होत्या. अनेक दावे अजून तहसील आणि प्रांत कार्यालयांत पडून आहेत. जे मंजूर झाले त्यांच्या पट्ट्यावर कायद्याने बायकोचेही नाव असावे लागते.